मुलं गणितात ‘का?’ विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता?

ऋतुगंध
शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी खारीगावात राहते, नोकरी ऐरोलीला. शनिवार-रविवार सोसायटीच्या हॉलमध्ये पाचवी ते आठवीच्या मुलांचं गणित घेते. फी वगैरे काही नाही. माझ्या मुलीपासून सुरुवात झाली, आता नऊ-दहा जण येतात. बरीचशी सेमीची, तिघं इंग्रजी माध्यमाची, दोघं मराठीची.

मुलांना सांगून ठेवलंय की वहीच्या शेवटच्या पानावर ‘अडलेलं’ लिहायचं आणि शनिवारी मला दाखवायचं. मला वाटलं होतं उदाहरणांचे नंबर लिहून आणतील. आणले हे प्रश्न: वजा गुणिले वजा अधिक का? १/२ आणि १/३ ची बेरीज २/५ का नाही? अपूर्णांकाने भागताना उलटा करून गुणायचं हे कोणी ठरवलं? शून्याने भागलं तर काय बिघडतं? १ मूळ संख्या का नाही? आणि एकाने लिहिलंय, ‘पाय २२/७ आहे की ३.१४, एक काय ते सांगा.’

लसावि मात्र मला सोपा गेला, तो ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटामुळे. समजा वाशी गाडी दर १२ मिनिटांनी आणि पनवेल दर १८ मिनिटांनी सुटते. आठला दोन्ही एकदम सुटल्या तर पुन्हा एकदम कधी? मुलांनी बोटांवर मोजून ८:३६ सांगितलं. मग एकीने विचारलं, बारा गुणिले अठरा का नाही? आम्ही २१६ मिनिटं मोजून पाहिली. तेव्हाही दोन्ही गाड्या एकत्र सुटतात, पण त्याच्या आधी पाच वेळा सुटून गेलेल्या असतात. ‘लघुतम’ मधला ‘लघु’ त्या दिवशी मुलांना कळला.

बाकीच्या प्रश्नांना असं काही सापडत नाहीये. मी शाळेत असताना वजा-वजाचा प्रश्न विचारला होता, तर ‘नियम आहे, पाठ कर’ असं उत्तर मिळालं. मी पाठ केला, मार्क मिळाले, पण तो नियम कधी माझा झाला नाही. या मुलांना तेच उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. मदत करा.

जुनी पाटी
शनिवार, रात्री ११:०२

ऋतुगंध, फार बरं वाटलं वाचून. मी नौपाड्यात राहते. मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. अपूर्णांकांच्या बेरजेबद्दल आधी लिहिते.

१/२ + १/३ = २/५ असं दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो. पहिली काही वर्षं मी त्यावर लाल फुली मारायचे आणि समच्छेद करून दाखवायचे. एकदा सहावीतल्या एका मुलाला फळ्याजवळ बोलावून विचारलं, ‘हे तू कसं आणलंस ते मला सांग.’ तो म्हणाला, ‘बाई, काल गोट्या खेळताना दोन नेम धरले, एक लागला. आज तीन धरले, एक लागला. मग पाचांत दोन लागले ना?’

मी खडू हातात घेऊन उभीच राहिले. त्याचा हिशेब अगदी बरोबर होता! नेम मोजायचे तर असेच मोजतात. फक्त तो अपूर्णांकांच्या बेरजेचा हिशेब नव्हता. कालचा ‘पूर्ण’ दोन नेमांचा, आजचा तीन नेमांचा, आणि एकूण मोजताना त्याने पाच नेमांचा तिसराच ‘पूर्ण’ घेतला. बेरजेत अर्धी आणि तृतीयांश या दोन्ही एकाच मापाच्या भाकरीच्या असाव्या लागतात.

मग त्याला विचारलं, अर्धी भाकरी ताटात आहे, वरून आणखी तुकडा वाढला, आता अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? जास्त. आणि २/५? पाचांतले दोन म्हणजे निम्म्याहून कमी. तो स्वतःच पुसायला धावला. मग कागदाच्या घड्या घातल्या, सहा भाग केले. अर्ध्यात तीन आले, तृतीयांशात दोन, मिळून पाच षष्ठांश.

समच्छेद कशासाठी, हे विचारणाऱ्या मुलाला मी पुढे एवढंच विचारायचे: तीन रुपये आणि दोन पैसे मिळून पाच काय? तो थांबतो. ‘दोन्हीचे पैसे करावे लागतील’ असं त्याच्याच तोंडून येतं. छेद म्हणजे नाणं कोणतं ते, आणि अंश म्हणजे ती नाणी किती.

चुकीचं उत्तर आलं की ते कुठे बरोबर ठरलं असतं ते शोधा. नव्वद टक्के वेळा अशी जागा असतेच, आणि मुलाला ती आपण दाखवली की ते मोकळेपणाने पुढचं ऐकतं.

ऐरोलीकर
रविवार, सकाळी ८:४०

जुनी पाटी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मुलाच्या वहीतली एक चूक आता समजली. तो ४.३ + ३.४ = ८.१ लिहून आला होता. मी चिडलो होतो, सातवीत दशांशाची बेरीज येत नाही म्हणून. पठ्ठ्याने ओव्हर मिळवल्या होत्या! ४ ओव्हर ३ चेंडू आणि ३ ओव्हर ४ चेंडू, सात चेंडूंतले सहा म्हणजे एक ओव्हर, उरला एक. ८.१ एकदम चोख.

रोज टीव्हीवर ४.५ नंतर ५.० बघणाऱ्या मुलाला आपण कधी सांगतच नाही की तो टिंब दशांश चिन्ह नाही. काल रात्री त्याला एक गणित दिलं: ४.३ ओव्हरमध्ये २७ धावा, रनरेट किती? त्याने २७ भागिले ४.३ केलं, ६.२८ आलं. मी म्हटलं, तीन चेंडू म्हणजे ओव्हरचा कितवा भाग? अर्धा. मग ४.५ ने भाग. बरोबर ६. टीव्हीवर ६.०० च दाखवतात हे पाहून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

०.१५ हे ०.९ पेक्षा मोठं, कारण पंधरा नवापेक्षा मोठे, हीसुद्धा याच घरातली चूक. त्यावर मी पैसे वापरतो. ०.९ रुपये म्हणजे नव्वद पैसे, ०.१५ म्हणजे पंधरा. लगेच समजतं.

दिडकी
रविवार, सकाळी ९:२५

मी पनवेलचा. किराणा दुकान होतं, आता मुलगा बघतो. गणित सातवीपर्यंतच झालं, पण वजा-वजाचं मला दुकानात समजलं.

एका गिऱ्हाइकाच्या नावावर दोनशे-दोनशेच्या तीन उधारीच्या चिठ्ठ्या आहेत. त्याच्या बाजूने प्रत्येक चिठ्ठी म्हणजे वजा दोनशे. दिवाळीला मी त्या तिन्ही चिठ्ठ्या काढून फाडून टाकल्या. तीन चिठ्ठ्या ‘काढल्या’ म्हणजे वजा तीन वेळा. तो माणूस सहाशे रुपयांनी वर आला की नाही? वजा तीन गुणिले वजा दोनशे, अधिक सहाशे.

ऋतुगंध
रविवार, सकाळी ९:५०

दिडकी काका, फार छान! पण माझ्याकडे एक मुलगा आहे, तो नक्की म्हणेल, ‘खिशात तर एक रुपयाही आला नाही, मग अधिक सहाशे कुठून?’

जुनी पाटी
रविवार, सकाळी १०:३०

तो म्हणाला तर त्याला दोन्ही दिवसांचा हिशेब मांडायला लावा. त्याच्या खिशात हजार होते आणि सहाशेची उधारी होती, म्हणजे त्याचे स्वतःचे खरे चारशेच. चिठ्ठ्या फाटल्यावर हजारही त्याचेच. चारशेचे हजार झाले.

‘ऋण’ या शब्दाचा अर्थच मुळात कर्ज. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला, त्यात धन आणि ऋण याच शब्दांत बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम दिले आहेत, आणि ऋण गुणिले ऋण धन हाही त्यांत आहे. सेमीची मुलं ‘निगेटिव्ह’ म्हणतात, त्यामुळे हा अर्थ त्यांच्या कानावरच पडत नाही. तो शब्द त्यांना द्या.

ऐरोलीकर
रविवार, सकाळी १०:४५

ज्याला पैशाचं पटत नाही त्याच्यासाठी पाढा खाली उतरवायचा. −२ चा पाढा उलटा लिहा: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. प्रत्येक पायरीला उत्तर दोनने वाढतंय. आता पुढची पायरी (−१) × (−२). दोनने वाढलंच पाहिजे, म्हणजे +२. मुलं हे स्वतः भरतात, सांगावं लागत नाही.

दहावी_अ
रविवार, दुपारी १:१०

मी नेरुळला राहते, दहावीत आहे. पाढ्याची मांडणी मला आवडली, पण त्यात ‘पुढेही असंच चालेल’ हे आपण गृहीत धरतो. आमच्या सरांनी हे सांगितलं होतं:

(−१) × (१ + (−१)) हे शून्यच असणार, कारण कंसात शून्य आहे. आता कंस सोडवा: (−१) × १ म्हणजे −१, अधिक (−१) × (−१). एकूण शून्य यायला हवं, म्हणजे (−१) × (−१) हे १ च असायला हवं. दुसरं काहीही मानलं तर कंस सोडवायचा नियमच मोडतो.

मला हे कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता, म्हणून लिहिलं.

आणि माझाही एक प्रश्न आहे. ०.९९९… म्हणजे नऊ कधीच न संपणारे, हे १ च्या बरोबर असतं असं सर म्हणतात. मला वाटतं अगदी शेवटी थोडासा फरक उरतोच.

जुनी पाटी
रविवार, दुपारी ४:००

दहावी_अ, किती नीट लिहिलंस! शाब्बास.

तुझ्या प्रश्नात ‘अगदी शेवटी’ हे शब्द आहेत. शेवटच नाही, तर शेवटी उरेल कुठे? दोन वेगळ्या संख्या असल्या की त्यांच्या मधोमध एक संख्या असतेच. ०.९९९… आणि १ यांच्या मधली एक संख्या लिहून दाखव. लिहायला बसलीस की कळेल, प्रत्येक घरात आधीच नऊ बसलेला आहे, मध्ये शिरायला जागा नाही. आणि १/३ = ०.३३३… तुला मान्य आहे ना? मग दोन्ही बाजूंना तीनने गुण.

दिडकी
रविवार, संध्याकाळी ६:३०

अपूर्णांकाने भागायचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून मी घेतो. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे होते. औट म्हणजे साडेतीन. दिडकीत दोनाला तीन, तीनाला साडेचार, चाराला सहा. (माझं इथलं नाव त्यावरूनच.) वडील गल्ल्यावर बसवून म्हणून घ्यायचे, आणि म्हणताना हात तराजूवर असायचे. त्यामुळे अपूर्णांक आधी हाताला कळला, वहीत नंतर आला.

दोन किलो शेंगदाण्यांच्या पाव-पाव किलोच्या पुड्या किती? आठ. दोन भागिले पाव आठ. एका किलोत चार पुड्या, म्हणून दोनाला चारने गुणायचं. उलटं करून गुणतात ते एवढंच: आधी एका किलोत किती पुड्या ते बघायचं.

ऐरोलीकर
रविवार, संध्याकाळी ७:१५

काका, पावचं पटकन समजतं. मुलं अडतात ती पाऊणवर. १ भागिले ३/४ हे ४/३ कसं? आमच्याकडे पाऊण लिटरची बाटली आहे, त्यावर करून पाहिलं. एक लिटर पाणी, पाऊण लिटरची एक बाटली भरली, पाव लिटर उरलं. मुलगा म्हणाला, ‘म्हणजे एक पूर्णांक एक चतुर्थांश.’ इथे मी जरा वेळ घेतला. प्रश्न ‘किती बाटल्या’ असा आहे. उरलेलं पाव लिटर हा बाटलीचा कितवा भाग? बाटलीत पावाचे तीन भाग मावतात, म्हणून तृतीयांश. एक पूर्णांक एक तृतीयांश बाटल्या, म्हणजे ४/३.

सेक्टर पंधरा
रविवार, रात्री ९:०५

मी वाशीची, दोन मुलांची आई. छोट्या प्रश्नांची उत्तरं देते.

१ मूळ का नाही: १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, दुसऱ्या कुठल्याही मूळ संख्या घेऊन जमत नाही. १ ला आत घेतलं तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३, असं कितीही लिहिता येईल आणि ‘एकच मांडणी’ ही मोलाची गोष्ट हातची जाईल.

शून्याने भागाकार: भागाकाराचा ताळा गुणाकाराने करतात. ६ ÷ ० = काही तरी, तर ते काही तरी × ० = ६ व्हायला हवं. होत नाही. आणि ० ÷ ० घेतलं तर कुठलाही आकडा चालतो, म्हणून तेही ठरवता येत नाही.

कोणत्याही संख्येचा शून्य घात १ का: २³ = ८, २² = ४, २¹ = २, दर पायरीला निम्मं. पुढचं १. फक्त शून्याचा शून्य घात यात धरू नका, तिथे शून्याने भागावं लागतं.

मला स्वतःला वेगळीच अडचण आहे. धाकटा दुसरीत, मराठी माध्यमात. ‘त्रेचाळीस’ सांगितलं की ३४ लिहितो.

जुनी पाटी
रविवार, रात्री ९:४०

शून्याच्या भागाकारावर मोठेसुद्धा अडखळले आहेत, हे मुलांना जरूर सांगा. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहिलं होतं, ते आज आपण धरत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ असं खास नाव दिलं. त्यात काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही असं ते म्हणतात. इतक्या मोठ्या माणसांनी ज्यावर विचार केला तोच प्रश्न सातवीतल्या मुलाला पडला, म्हणजे तो मुलगा योग्य ठिकाणी अडला आहे.

सेक्टर पंधरा, तुमच्या धाकट्याचं अगदी स्वाभाविक आहे. ‘त्रेचाळीस’मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून तो आधी तीन लिहितो. जर्मन भाषेतही आधी एकक आणि मग दशक म्हणतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मला स्वतःला त्रेसष्ट, चौऱ्याहत्तर हे शब्द जायला नको आहेत, ते आपल्या कानाचे आहेत. पण अडणाऱ्या मुलाला ‘चाळीस तीन’ म्हणू द्यायला काय हरकत आहे? मी वर्गात दोन्ही म्हणवून घ्यायचे. आणि ‘एकोण’ म्हणजे एक उणे, हे आवर्जून सांगा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. हे कळलं की २९ आणि ३९ मधली गल्लत थांबते. नव्व्याण्णव मात्र त्यात बसत नाही, ते पाठच करावं लागतं.

ऐरोलीकर
रविवार, रात्री १०:१०

पायचं राहिलं. दोन्ही जवळच्या किमती आहेत. २२/७ म्हणजे ३.१४२८…, आणि पाय ३.१४१५…. गोल डब्याला दोरा गुंडाळून मोजा आणि व्यासाने भागा, ३.१ च्या आसपास येईल. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ६२८३२/२०००० ही किंमत दिली आणि तिला ‘आसन्न’ म्हणजे जवळची असंच म्हटलं. पाय कुठल्याच अपूर्णांकात अचूक मांडता येत नाही हे लॅम्बर्टने १७६१ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे ‘एक काय ते सांगा’ म्हणणाऱ्याला सांगा, दोन्हींपैकी एकही नाही.

आणि ऋतुगंध, तुमच्या मुलांना कापरेकरांचं ६१७४ दाखवलंत का? आपल्या भागातलं आहे. द. रा. कापरेकर डहाणूला जन्मले, माध्यमिक शिक्षण ठाण्यात, नंतर देवळालीला शाळामास्तर. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यातून छोटी मांडणी वजा करायची, परत तेच. बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी धावली ते साल घेऊ, १८५३. ८५३१ − १३५८ = ७१७३. ७७३१ − १३७७ = ६३५४. ६५४३ − ३४५६ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की येतंच. हातच्याचा सराव मुलं आपणहून करतात, कारण शेवट बघायचा असतो. १, १२१, १२३२१ या त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचं नावही डोंबिवली स्टेशनवरून आलंय, ती कल्पना त्यांना तिथे सुचली होती.

ऋतुगंध
पुढचा शनिवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बाटलीचा प्रयोग केला. एक लिटर पाणी, पाऊण लिटरच्या दोन रिकाम्या सरळ बाटल्या. लगेच दोन गट पडले, ‘सव्वा बाटली’वाले आणि ‘एक पूर्णांक एक तृतीयांश’वाले. अर्धा तास वाद चालला, मी मध्ये बोलले नाही.

आमच्यात सहावीतली एक मुलगी आहे, ती फारशी बोलत नाही. तिने उठून उरलेलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतलं, पट्टी लावली आणि स्केचपेनने बाटलीचे तीन सारखे भाग केले. पाणी पहिल्या खुणेच्या जवळजवळ बरोबरीला होतं. मग तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: ‘पाणी तेच. लिटरने मोजलं तर पाव, बाटलीने मोजलं तर तृतीयांश.’ सव्वावाला गट शांतपणे येऊन ती खूण बघून गेला.

जुनी पाटी
शनिवार, रात्री ९:५५

उद्या तिला विचारा, सव्वा लिटर पाणी असतं तर कोणत्या खुणेपर्यंत आलं असतं. ओतण्याआधी सांगायला सांगा.